आधीच्या तक्रारीत काय नोंदलं होतं? सोलापुरातील एका बाळाचं प्रकरण आणि डॉक्टरांना हवी असलेली माहिती

बालकावर झालेल्या अत्याचाराची तक्रार एकदा नोंदली गेली की तिचे कागद बाल कल्याण समिती (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती), पोलीस आणि एखादं रुग्णालय यांच्यात विखुरतात. पुढे तेच मूल दुसऱ्या डॉक्टरसमोर येतं, तेव्हा त्या कागदांतलं डॉक्टरला काय मिळू शकतं, कोणाकडून आणि कोणत्या वाटेने, हे या प्रकरणातून पाहायचं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, वार आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत. सोलापुरात ‘अमुक पेठ, बाप यंत्रमागावर, आई विड्या वळते’ एवढं लिहिलं तरी ओळखणारे ओळखतात. म्हणून पेठ, रुग्णालय आणि शेजारचा जिल्हा यांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

अकरा महिन्यांचा मुलगा शनिवारी दुपारी शहरातल्या एका रुग्णालयात आणला गेला. डावी मांडी सुजलेली, पाय हलवला की किंचाळायचा. आईने सांगितलं, दोन दिवसांपूर्वी साडीच्या झोळीतून खाली पडला. झोळी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. आधी हाडवैद्याकडे नेलं, त्याने कामट्या लावून पट्टी बांधली. सूज उतरेना म्हणून इकडे आणलं. एक्स-रेत मांडीचं हाड मधोमध मोडलेलं दिसलं.

उशिरा आणणं हे दुर्लक्षाचं लक्षण मानलं जातं. पण यंत्रमागाच्या वस्तीत हाडवैद्याकडे आधी जाणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे, एकट्या उशिरावरून काही ठरत नाही. झोळीतून पडून मांडीचं हाड मोडणं दुर्मीळ असलं, तरी अशक्य नाही. दुसरीकडे, जे मूल अजून पायावर उभं राहत नाही त्याचं मांडीचं हाड मोडलं, तर मारहाणीची शक्यता तपासल्याशिवाय पुढे जायचं नसतं. दोन वर्षांखालच्या मुलात अशा वेळी संपूर्ण सांगाड्याचे एक्स-रे काढतात. कवटी, छाती, बरगड्यांच्या तिरक्या बाजू, कणा, कंबर, हात-पायांचं प्रत्येक हाड, पंजे, अशा वीसच्या आसपास वेगवेगळ्या फिल्म. एकाच मोठ्या फिल्ममध्ये अख्खं बाळ बसवून काम उरकलं, तर बरगड्यांच्या मागच्या बाजूची आणि सांध्याजवळच्या टोकांची बारीक मोड दिसत नाही. इथे अस्थिरोगतज्ज्ञांनी स्पायका प्लास्टर (कमरेपासून पायापर्यंतचं) घालण्याआधीच हे सगळे एक्स-रे करून घेतले. प्लास्टर चढल्यावर कंबर आणि मांड्या झाकल्या जातात, पोट तपासणंही अवघड होतं.

नवी मोड फक्त मांडीचीच निघाली. उजव्या दंडाच्या हाडाची कडा मात्र किंचित जाड वाटली. क्ष-किरणतज्ज्ञांनी लिहिलं, ‘जुनी, भरून आलेली मोड असू शकते, खात्रीने सांगता येत नाही.’ मेंदूचा स्कॅन ठीक, यकृताची एन्झाइम ठीक. व्हिटॅमिन डी १४ नॅनोग्रॅम, म्हणजे कमी. पण कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज वयाला धरून होतं आणि मनगटाच्या एक्स-रेत मुडदुसाची खूण नव्हती.

अंगावरच्या खुणांनी पहिल्या दिवशी थोडा गोंधळ उडवला. कमरेखाली निळसर डाग होता, निवासी डॉक्टरांनी ‘मार लागल्याची खूण’ असं लिहिलं. तीन दिवसांनी पुन्हा पाहिलं तेव्हा डागाचा रंग तसाच होता. मार असता तर तो बदलला असता. ती आपल्याकडच्या कितीतरी बाळांना जन्मतः असणारी खूण होती. मूळ नोंद न खोडता खाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली गेली. पोटावर दोन गोल व्रण होते. सिगारेटचा चटका आणि बिब्ब्याचा डाग यांत गल्लत होते. इथे बिब्बा घातल्याचं आजीने आपणहून सांगितलं.

त्याच बोलण्यात आजी एक वाक्य बोलून गेली: “तिकडंबी असंच झालतं, हात सुजला हुता, तवा समितीत नेलतं पोराला.” आईने मान खाली घातली.

अडचण

या एका वाक्याने प्रश्नाचं स्वरूपच बदललं. मांडीची एकटी मोड होती तोवर वैद्यकीय मत ‘अनिश्चित’ यापुढे जात नव्हतं. पूर्वी एखादी मोड झाली असेल, तिचे एक्स-रे असतील, तेव्हा रक्त तपासलं असेल, तर त्यावरून हाडांचा आजार, अपघात की मार, हे खूपच स्पष्ट झालं असतं. लहान बाळाचं हाड वेगाने भरतं. सात-दहा दिवसांत मोडीभोवती नवं हाड दिसू लागतं, काही महिन्यांत मोड जवळजवळ पुसली जाते. आज शरीरात जे दिसत नाही ते जुन्या फिल्ममध्ये दिसू शकतं. डॉक्टरला जुना रेकॉर्ड हवा असतो तो मुख्यतः याच कारणासाठी, आणि अर्जात नेमकं हेच कारण लिहायचं राहून जातं.

तो रेकॉर्ड शेजारच्या जिल्ह्यात होता. आईचं माहेर तिथलं, बाळ पाच महिन्यांचं असताना ती तिकडे होती. म्हणजे समिती वेगळी, पोलीस वेगळे, रुग्णालय वेगळं. जिल्ह्याच्या आतही मामला सोपा नसतो. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, तालुक्यांना ग्रामीण पोलीस, आणि एकाकडची नोंद दुसऱ्याच्या ठाण्यात आपसूक दिसत नाही.

कायद्याची चौकट

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चं कलम ९९ इथे मध्यवर्ती आहे. समितीसमोर आलेले मुलाविषयीचे सगळे अहवाल गोपनीय. समितीला योग्य वाटल्यास ती त्यांचा सारांश दुसऱ्या समितीला, बाल न्याय मंडळाला, मुलाला किंवा त्याच्या पालकाला कळवू शकते. या यादीत उपचार करणारा डॉक्टर नाही. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम सांगतं की पीडिताला स्वतःच्या प्रकरणाची कागदपत्रं नाकारता येणार नाहीत. अकरा महिन्यांच्या बाळाच्या वतीने हा हक्क पालकच वापरणार, आणि संशय त्याच घरात असेल तर पेच पडतो.

इतरत्र हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला आढळतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या समाजसेवा कायद्याचं कलम ४२२ राज्याच्या केंद्रीय नोंदवहीतले अहवाल कोणाला मिळू शकतात ते सांगतं. समोर असलेल्या मुलावर अत्याचार झाल्याचा रास्त संशय असलेल्या डॉक्टरचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या कलम ९९ मध्ये तसं दार नाही. इथे वाट समितीच्या विवेकातून जाते.

वैद्यकीय कागदांची गोष्ट निराळी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्ण, त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा कायदेशीर अधिकारी यांनी मागितलेले कागद ७२ तासांत द्यायचे असतात, आणि आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात. बाल कल्याण समितीला कलम २७ नुसार न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, तेव्हा तिचं पत्र हे कायदेशीर अधिकाऱ्याचंच पत्र ठरतं. समितीचे कागद आणि रुग्णालयाचे कागद यांना दोन वेगळी कुलपं आहेत, हे ध्यानात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो.

इथे लैंगिक अत्याचाराचं कोणतंही चिन्ह नव्हतं. असतं तर पोक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं, न कळवल्यास कलम २१ ची शिक्षा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये डॉक्टरांच्या या कर्तव्यावर अगदी कडक शब्दांत बोट ठेवलं आहे. घरच्यांकडे राहणाऱ्या मुलाला झालेल्या शारीरिक मारहाणीबाबत बाल न्याय कायद्यात ‘कळवलं नाही तर शिक्षा’ अशी पोक्सोसारखी तरतूद नाही. पण मुलाला समितीसमोर हजर करू शकणाऱ्यांत कलम ३१ नर्स, डॉक्टर आणि रुग्णालय व्यवस्थापन यांचा थेट उल्लेख करतं, आणि संशयास्पद दुखापतीची एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करून पोलिसांना कळवणं ही रुग्णालयाची रुळलेली पद्धत आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आजीचं वाक्य ऐकलंच नाही असं धरून हाड जोडायचं आणि सुटी द्यायची. कोणी हे उघड सुचवत नाही, पण गर्दीच्या वॉर्डात ते आपोआप घडतं.

दुसरा ओळखीचा. शेजारच्या जिल्ह्यात वर्गमित्र डॉक्टर असतो, कोणाचा मेहुणा पोलिसात असतो. एका फोनवर काम होतं, म्हणून हाच पर्याय सगळ्यांत आधी सुचतो. त्याचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

तिसरा माहिती अधिकाराचा. कोणीतरी तोही सुचवला. उत्तराची मुदत तीस दिवसांची, आणि खासगी माहिती व चालू तपास या दोन्ही अपवादांत हे कागद बसतात. आजारी बाळासाठी ही वाट नव्हे.

चौथा पोलिसांचा. तपास अधिकारी मुलाला तपासणीसाठी यादी (पोलिसांचं लेखी मागणीपत्र) देऊन पाठवतो तेव्हा पूर्वइतिहास त्या यादीतच लिहू शकतो. पण इथला अधिकारी नवा गुन्हा नोंदवायचा की नाही याच विचारात होता, दुसऱ्या जिल्ह्यातली जुनी नोंद त्याच्याही हाती नव्हती.

पाचवा पालकांच्या सहीने जुन्या रुग्णालयाचे कागद मागवायचा. सहावा सोलापूरच्या समितीमार्फत शेजारच्या समितीकडून सारांश मागवायचा, ज्याला कलम ९९ स्पष्ट परवानगी देतं. शेवटी हे दोन्ही एकत्र केले गेले. पण सरळ त्यांच्यापाशी पोहोचता आलं नाही.

काय केलं

शनिवारी संध्याकाळी वडील आले आणि स्वतःच्या जबाबदारीवर सुटी मागू लागले. बालरोगतज्ज्ञांनी त्यांना सांगितलं, “इतक्या लहान मुलाचं मांडीचं हाड मोडलं की आम्ही प्रत्येक वेळी कळवतो. तुमच्यावर आरोप करत नाही, पण हा तपास पुरा झाल्याशिवाय सुटी देता येणार नाही.” वाक्य साधं आहे, पण आधी ठरवून ठेवलेलं असावं लागतं. ऐनवेळी डॉक्टर एक तर घाबरून सोडून देतो, नाही तर आवाज चढवतो. एमएलसी झाली, पोलिसांना लेखी कळवलं. समितीची बैठक नव्हती, पण बैठक नसताना एका सदस्यासमोरही मुलाला आणता येतं. वैद्यकीय समाजसेविकेने सदस्यांना फोन करून लगेच लेखी पत्र पाठवलं, आणि चौकशी होईपर्यंत बाळाला रुग्णालयातून हलवू नये असा लेखी निर्देश त्याच रात्री मिळाला.

आईशी बोलायला तेलुगू येणारी व्यक्ती हवी होती. वॉर्डातली एक सिस्टर तेलुगू बोलणारी, पण तिचं माहेर या कुटुंबाच्याच भागातलं. तिला बाजूला ठेवून दुसऱ्या विभागातल्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलावलं. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, बातमी वाड्यावाड्यांतून फिरते. दुभाषा निवडताना भाषेइतकाच तो कुठे राहतो हेही बघावं लागतं.

सोमवारी समितीकडे पहिला अर्ज गेला. त्यात एवढंच होतं: ‘सदर बालकाच्या पूर्वीच्या प्रकरणाच्या संपूर्ण संचिकेची प्रत मिळावी.’ उत्तर तोंडी आलं, अहवाल गोपनीय आहेत, देता येणार नाहीत. हे उत्तर चुकीचं नव्हतं. संपूर्ण संचिकेत गृहचौकशी अहवाल असतो, शेजाऱ्यांचे जबाब असतात, १०९८ या बाल मदतवाहिनीवर फोन कोणी केला याचा माग असतो. हाड का मोडलं हे ठरवायला डॉक्टरला यांतलं काहीच लागत नाही. फोन करणाऱ्याचं नाव वॉर्डात फुटलं, तर उद्या त्या गल्लीतून कोणी फोन करणार नाही.

दरम्यान दुसरीकडे गडबड झाली. एका निवासी डॉक्टराने ओळखीतून जुन्या आदेशाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मिळवला आणि युनिटच्या ग्रुपवर टाकला. हेतू चांगला होता. पण ग्रुपमध्ये सतरा जण, त्यांतले निम्मे या बाळाच्या उपचारात नव्हते. शिवाय फोटोत पहिलंच पान होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रकरण बंद’. दोघांनी लगेच मत बनवलं की पूर्वी काही निघालं नाही, म्हणजे आताही अपघातच. युनिटप्रमुखांनी फोटो सगळ्यांकडून काढून टाकायला लावला, असा फोटो आला होता हे वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवलं, आणि त्याचा मजकूर मतासाठी वापरायचा नाही असं ठरवलं. फोटो लपवून ठेवला असता, तर पुढे साक्षीत तोच मुद्दा उलटला असता.

बुधवारचा दुसरा अर्ज वेगळ्या पद्धतीने लिहिला. सुरुवातीला चार ओळींत वैद्यकीय कारण: मोड आहे, एका जुन्या मोडीचा संशय आहे, हाडांचा आजार वगळायचा आहे, जुन्या फिल्मशिवाय ते होत नाही. मग पाच प्रश्न. याच जिल्ह्यात किंवा इतर जिल्ह्यात प्रकरण आलं होतं का? तेव्हा कोणत्या दुखापती, कोणत्या तारखेला नोंदल्या? तपासणी, एक्स-रे आणि रक्ताच्या चाचण्या कुठे झाल्या? त्या काळात बाळाची देखभाल कोण करत होतं? समितीने घातलेल्या अटी किंवा देखरेख अजून चालू आहे का? शेवटी स्पष्ट वाक्य: ‘तक्रारदाराची ओळख, जबाब आणि गृहचौकशी अहवाल यांची आवश्यकता नाही.’ माहिती सीलबंद, युनिटप्रमुखांच्या नावे मिळावी, ती कोण पाहील त्या तीन व्यक्तींची पदं, आणि पोच म्हणून आवक क्रमांक. समितीने हा अर्ज स्वीकारला आणि शेजारच्या समितीला पत्र लिहिलं.

तिकडून उत्तर आलं, ‘अशी नोंद आढळत नाही.’

इथे बरीच प्रकरणं थांबतात. नोंद होती, नाव वेगळं होतं. पाच महिन्यांच्या वयात बारसं झालेलं नव्हतं, आई माहेरी होती. त्यामुळे कागदावर बाळाचं नावच नव्हतं, होतं ते आईचं माहेरचं आडनाव आणि पुढे ‘यांचे बाळ’. तेलुगू आडनाव देवनागरीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, हा भाग आणखी निराळा. समाजसेविकेने माता-बाल संरक्षण कार्डावरचा नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव आणि गाव एका कागदावर लिहून समितीला दिलं. दुसऱ्या शोधात नोंद सापडली.

त्याच वेळी आईच्या सहीने आणि समितीच्या पत्राने जुन्या रुग्णालयाकडे फिल्मची मागणी गेली. साध्या बाह्यरुग्णाची फिल्म घरच्यांच्या हाती देतात, आणि घर बदलताना ती हरवते. इथे तेव्हाही एमएलसी झाली होती, म्हणून फिल्म रेकॉर्ड रूममध्येच राहिली होती.

तीन निर्णय, ज्यांवर सगळं फिरलं

सर्वांत महत्त्वाचा निर्णय लिफाफा उघडण्याआधीचा आहे. युनिटप्रमुखांनी उपलब्ध तपासण्यांवरून पहिलं मत लिहिलं, तारीख, वेळ आणि सही घातली: मांडीची मोड दिलेल्या कारणाने होणं दुर्मीळ पण शक्य, उजव्या दंडाबाबत अनिश्चित. मगच जुने कागद पाहिले आणि दुसरं, पुरवणी मत वेगळ्या कागदावर लिहिलं. जुनी तक्रार आधी वाचली की डोळे तीच गोष्ट शोधू लागतात. ‘प्रकरण बंद’ वाचून दोघांचं जे झालं, तेच ‘मारहाणीची तक्रार’ वाचून उलट दिशेनेही होतं. बचाव पक्षाचा वकील नेमकं हेच विचारतो: तक्रार वाचूनच मत दिलं ना? दोन तारखांची दोन मतं असली की त्याचं उत्तर कागदावरच असतं.

दुसरा निर्णय फिल्म स्वतः पाहण्याचा. जुन्या अहवालात फक्त ‘उजव्या दंडाच्या हाडाची मोड’ लिहिलं होतं. पण इतक्या लहान बाळाच्या खांद्याची फिल्म घेताना छातीही त्यात येते. क्ष-किरणतज्ज्ञांनी ती छाती पाहिली, तेव्हा पाठीच्या कण्यालगत दोन बरगड्यांवर भरून येणाऱ्या मोडींची गाठ दिसली. त्या वेळी ती कोणाच्या नजरेत आली नव्हती, कारण विचारणा हाताबद्दल होती. बरगड्यांची मागच्या बाजूची मोड बाळाला दोन्ही हातांनी छातीत घट्ट आवळल्याने होते, झोळीतून पडल्याने नव्हे. सध्याच्या एक्स-रेत त्या बरगड्या पूर्ववत झाल्या होत्या. जुनी फिल्म आली नसती, तर हा पुरावा कधीच दिसला नसता. दंडाची मोड ताजी आणि बरगड्यांच्या मोडी भरत आलेल्या, म्हणजे तेव्हाच किमान दोन वेगवेगळ्या वेळच्या दुखापती होत्या.

‘प्रकरण बंद’ याचा अर्थही सारांशातून उलगडला. समितीने पालकांना समुपदेशन करून, दरमहा भेटीच्या अटीवर बाळ घरी दिलं होतं. कुटुंब सोलापूरला परतलं, भेटी थांबल्या, संचिका बंद झाली. काही निष्पन्न झालं नाही असा निष्कर्ष कोणी काढलाच नव्हता.

तिसरा निर्णय वॉर्डातला. सारांशाचा लिफाफा केसपेपरला जोडला नाही. केसपेपर खाटेच्या टोकाला लटकतो, कोणीही नातेवाईक चाळतो. त्याहून मोठी गळती विम्याच्या टेबलावर होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दावा करायचा तर केसपेपर स्कॅन होऊन पोर्टलवर चढतात, आणि घाईत अख्खी फाइलच स्कॅन होते. म्हणून समितीचा पत्रव्यवहार वेगळ्या सीलबंद फाइलमध्ये अधीक्षकांच्या कपाटात ठेवला. फाइल कोणी, कधी, कशासाठी उघडली याचा तक्ता वर चिकटवला. आरोग्यमित्राला (रुग्णालयात या योजनेचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) फक्त अस्थिरोगाचे कागद दिले. केसपेपरमध्ये एकच ओळ: ‘पूर्वीची वैद्यकीय माहिती प्राप्त, पुरवणी मत पाहा.’

निष्पत्ती

पुरवणी मतात लिहिलं गेलं: वेगवेगळ्या काळातल्या अनेक मोडी, त्यांत बरगड्यांच्या मागच्या मोडी, व्हिटॅमिन डी कमी असलं तरी मुडदुसाच्या खुणा नाहीत, एकत्रित चित्र हेतुपुरस्सर दुखापतीशी जुळतं. कोणी केलं हे त्यात नाही, आणि ते डॉक्टरचं काम नाही. देखभाल कोण करत होतं हा प्रश्न अर्जात घातला होता तो दिलेलं कारण पडताळण्यासाठी. त्यावरून माणूस ठरवणं समिती आणि पोलिसांचं काम. शहर पोलिसांनी बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आणि भारतीय न्याय संहितेतलं गंभीर दुखापतीचं कलम लावून गुन्हा नोंदवला.

समितीने बाळाला काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरवून मावशीकडे सोपवलं, आईला सोबत राहण्याची मुभा दिली, वडिलांच्या भेटी देखरेखीखाली. दोन आठवड्यांनी सांगाड्याचे एक्स-रे पुन्हा झाले, कारण ताजी बारीक मोड पहिल्या वेळी सुटते आणि भरू लागली की दिसते. नवी मोड निघाली नाही. व्हिटॅमिन डीचा उपचार सुरू झाला. प्लास्टर ठरल्या वेळी निघालं. हा मजकूर लिहिताना खटला प्रलंबित आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलाच अर्ज पाच प्रश्नांचा असता, तर दोन दिवस वाचले असते. त्यासाठी नमुना अर्ज बालरोग विभागात आणि समाजसेविकेच्या टेबलावर तयार असायला हवा. त्यात नावांसाठी एक जादा रकाना हवाच: बारशाआधीची नोंद, आईचं माहेरचं नाव, आडनावाची वेगवेगळी रूपं, माता-बाल कार्डाचा क्रमांक. हा रकाना पहिल्या दिवशी भरला असता तर ‘नोंद आढळत नाही’ हे उत्तर आलंच नसतं.

समितीकडूनही एक सोपी गोष्ट होऊ शकते. डॉक्टरने मागितल्यावर ‘देता येतं का’ याचा खल करण्याऐवजी समितीनेच चौकशीचा भाग म्हणून डॉक्टरकडे मत मागावं आणि त्या पत्रासोबत लागणारा सारांश जोडावा. मग डॉक्टर बाहेरचा अर्जदार राहत नाही, समितीच्या चौकशीत मत देणारा तज्ज्ञ होतो, आणि गोपनीयतेची अट पत्रातच घालता येते. आमच्या मते कलम ९९ च्या चौकटीत ही सगळ्यांत स्वच्छ वाट आहे.

निवासी डॉक्टरांना रुजू होताच सांगायला हवं की ओळखीतून मिळालेला कागद उपयोगाचा नसतो. तो अर्धवट असतो, त्यावर मत देता येत नाही आणि मुलाची ओळख मात्र पसरते. मनाई करून भागणार नाही. अधिकृत वाटेने दोन दिवसांत उत्तर येत नसेल, तर ओळखीची वाट लोक घेणारच. म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षात रुग्णालयांसाठी एक ठरलेला माणूस आणि एक ठरलेली ईमेल पेटी असणं, हे प्रशिक्षणाच्या व्याख्यानापेक्षा जास्त कामाचं.

आणि जुन्या रुग्णालयाच्या बाजूने पाहिलं, तर हाताची मोड झालेल्या पाच महिन्यांच्या बाळाचे संपूर्ण सांगाड्याचे एक्स-रे तेव्हाच व्हायला हवे होते. ते झाले असते, तर बरगड्या तेव्हाच दिसल्या असत्या आणि बाळ घरी पाठवण्याचा निर्णय वेगळ्या माहितीवर झाला असता.

मावशी तिसऱ्या जिल्ह्यात राहते. त्यामुळे सुटी देताना दोन कागद वेगवेगळ्या वाटांनी गेले. फिल्मची सीडी आणि एका पानाचा वैद्यकीय सारांश मावशीच्या हाती, पुढच्या डॉक्टरसाठी. प्रकरणाचा सारांश सोलापूरच्या समितीकडून तिथल्या समितीला, बाळ पोहोचण्याआधीच, बारशाआधीच्या नावासकट.